राण्यांची कपाळं

आर्णीत माझं वेशभूषा भाड्यानं देण्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या खोलीत पत्र्याच्या पेट्या. शाळेचं गॅदरिंग असो, जयंतीची मिरवणूक असो, नाहीतर प्रजासत्ताक दिनाचा देखावा, तालुक्यातली पोरं राजे आणि राण्या होतात ती माझ्या दुकानातून होऊन जातात. जानेवारी हा आमचा हंगाम. लोकांच्या घरात कापूस येतो तेव्हा माझ्या घरात राण्या येतात, आणि दोन्हीला बसायला जागा पुरत नाही.

दुकानात आम्ही या थोर बायकांची नावं घेत नाही. अनादर म्हणून नव्हे. घाईत नावापेक्षा खूण बरी पडते. राजमाता, घोडावाली राणी, पाटीवाल्या बाई, पिंडीवाली राणी. पाटीवाल्या बाई म्हणजे ज्यांनी मुलींना पहिल्यांदा शाळेत बसवलं त्या. पिंडीवाली म्हणजे माळव्याची राणी, तळहातावर महादेवाची पिंड घेतलेली, कॅलेंडरवर दिसते तशी. माझ्याकडची पिंड थर्माकोलची आहे, काळा रंग दिलेली, आणि दर वर्षी कोणीतरी पोरगी ती घामेजल्या हातात धरून तिचा रंग काढून आणते.

लुगडी सगळ्यांची थोड्याफार फरकानं सारखीच असतात. नथी तर एकाच डब्यातल्या. बाई ओळखू येते ती कपाळावरून. तिचा देव कोणता, ती कुणापुढे वाकायची आणि कुणापुढे नाही, हे पोरगी भाषणाला तोंड उघडायच्या आधी कपाळ सांगून टाकतं. म्हणून मला प्रत्येकीची चौकशी करावी लागली. राजमातेनं ओसाड पडलेल्या गावात सोन्याचा नांगर फिरवला आणि गणपतीचं देऊळ उभं केलं. घोडावाली रोज पूजा आटोपून मगच घोड्यावर बसायची म्हणतात. पाटीवाल्या बाईंचं निराळं. त्या देव मानायच्या, पण देवाच्या आणि आपल्या मधे भटजी कशाला, असं त्यांचं म्हणणं. भटजीवाचून लग्नं लावली, आणि नवरा गेला तेव्हा मडकं स्वतः धरून प्रेतापुढे चालल्या. फोटोत त्यांचं कुंकू ठसठशीत आहे, मीही तसंच लावते. पिंडीवालीला कुंकू नाही. तिला भस्माचे तीन आडवे पट्टे. तिचं राज्यच तिनं महादेवाच्या नावावर करून टाकलं होतं, आपण नुसती त्याची दिवाणजी असल्यासारखी बसायची. इतिहास मी असा शिकले, एकेका कपाळानं.

कपाळ मी सगळ्यात शेवटी करते. आधी लुगडं, मग केस, दागिने, तोंडाला पावडर. सगळं झालं की पोरीला खुर्चीवर बसवायचं, हनुवटी वर करायची, डोळे मिट म्हणायचं. बोटानं मेणाचा ठिपका लावायचा आणि त्यावर पिंजर दाबायची. मेण नसलं तर भाषण संपेपर्यंत राणीचं कुंकू नाकावर येतं. डोळे उघडून पोरगी आरशात पाहते, तेव्हा तिची मान आपोआप ताठ होते. त्याआधी ती कोणाची तरी लेक असते, शेंबूड पुसणारी. हा क्षण मला फार आवडतो, आणि धंद्यात मी टिकले ती त्याच्यामुळेच.

माझे यजमान कावीळ मुरून गेले. मंडप-डेकोरेशन ते पाहायचे, वेशभूषा मी. ते गेल्यावर मंडपाचं सामान दिरांना दिलं आणि दुकान मी ठेवलं. माझं स्वतःचं कुंकू त्या दिवशी गेलं. मला कोणी ‘पूस’ म्हटलं नाही. सासू तर म्हणाली होती, टिकली लावत जा, आजकाल लावतात. मीच लावली नाही. आरशापुढे उभी राहिले की हात कपाळापर्यंत जायचा आणि खाली यायचा. मी देवभोळी बाई आहे, हे इथंच सांगून टाकते. सोमवार धरते, दर चतुर्थीला जमेल तसं कळंबच्या चिंतामणीला जाते, मांजर आडवं गेलं तर थांबते. लोक म्हणतात तसं सगळं थोतांड असेलही. पण ते असं भर दुपारी म्हणायला सोपं जातं.

मागच्या वर्षी जानेवारीत एक बाई आपल्या सातवीतल्या मुलीला घेऊन आली. नवऱ्याचं खताचं दुकान, घरी शेती, माझी जुनी गिऱ्हाईक. मुलीला पिंडीवाली राणी व्हायचं होतं. मी पांढरं लुगडं नेसवलं, केस बांधले, पदर डोक्यावरून घेतला. पोरगी गोड, उभ्या उभ्या भाषण म्हणत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, हनुवटी वर केली आणि भस्माच्या डबीकडे हात नेला, तेवढ्यात आई पुढे झाली.

‘‘काकू, तेवढं कपाळ मी करतो,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी राहू द्या.’’

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, ‘‘अवं, तुले नाई जमायचं, पट्टे सरळ याले पाह्यजेत.’’

‘‘तसं नाई काकू.’’ तिनं पर्समधून आपली कुंकवाची डबी काढली. डबी घरून आणली होती. ‘‘पोरीची जात हाये न. सासूबाईनं सांगतलं, पोरीच्या कपायाले सवाशिणीचाच हात लागू दे. वाईट नका मानू.’’

आणि तिनं लेकीच्या कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू लावलं. ज्या राणीचा नवरा लढाईत तोफेच्या गोळ्यानं गेला, जिनं पुढचं सगळं आयुष्य पांढऱ्या लुगड्यात काढलं, ती राणी माझ्या दुकानातून सवाष्ण होऊन बाहेर पडली. पोरीनं आरशात पाहिलं. मान ताठ झाली नाही, ती आईकडे पाहत होती.

मला राग आला. चांगलाच आला. पण बाई वाईट नव्हती. तिनं पैसे आगाऊ दिले होते, मला काकू म्हणायची, यजमान गेले तेव्हा पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी तिनंच पाठवली होती. शिव्या द्याव्या असं माणूस समोर असलं तर बरं असतं. मी पिंड पोरीच्या हातात दिली आणि म्हटलं, रंग निघते, पदरानं धर.

मग ते वाढलं. कोणी ठरवून केलं नसणार. संक्रांतीचे दिवस, गल्लीगल्लीत हळदीकुंकू, बायका जमतात, बोलतात. त्या हळदीकुंकवांना मला आता बोलावणं नसतं, म्हणून काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या दोन-तीन आया आल्या त्या डब्या घेऊनच आल्या. सगळ्याच नाही. बुद्धविहारातल्या बायका आल्या, त्यांनी मला जन्मात असलं काही विचारलं नाही. त्यांच्यातल्या एका नवरीचं तोंड मी त्याच महिन्यात केलं, ती पांढऱ्या साडीत डोळे मिटून बसली आणि तिची आई मला घाई करू लागली तेवढंच. पण आमच्यातल्या बायका माझ्याकडून राणी अर्धी करून घ्यायच्या आणि कपाळ घरी न्यायच्या.

एका संध्याकाळी परत आलेले कपडे घड्या घालत बसले होते. राजमातेचं लुगडं, घोडावालीचा फेटा, पाटीवाल्या बाईंची शाल. आणि मला एकदम हसू आलं. या सगळ्या माझ्यासारख्याच की! राजमातेच्या लेकाच्या डोक्यावर छत्र आलं तेव्हा तिचा नवरा जाऊन जमाना झाला होता. घोडावाली तलवार घेऊन निघाली ती नवरा गेल्यावरच. पिंडीवालीचं तर सांगितलंच, आणि पाटीवाल्या बाईही शेवटी प्लेगच्या रोग्यांना पाठीवर घेऊन फिरल्या त्या एकट्याच. ज्यांच्यासारखी आपली पोर व्हावी म्हणून आया माझ्या दारात रांग लावतात, त्यांतली एकही आज जिवंत असती तर आर्णीतल्या कोणाच्या पोरीला कुंकू लावायला चालली नसती. हसता हसता माझं मलाच काही सुचेना. मी शाल पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

माझ्या लेकीला मी हे हसत हसतच सांगितलं. ती हसली नाही. लेक एकुलती, याच दुकानात वाढली. पहिलीपासून दर जानेवारीला ती कोणी ना कोणी राणी झालेली आहे, आणि बारावीनंतर माझ्या हाताखाली काम शिकली. तिचं लग्न ठरलं होतं, मार्चमधलं. मुलगा वणीचा, कोळशाच्या खाणीत मशीनवर कामाला. माणसं साधी.

‘‘आई, त्या बाईले तू काहीच म्हटलं नाई?’’

‘‘काय म्हणू? तिची पोरगी, तिची डबी.’’

‘‘बरं,’’ लेक म्हणाली. ‘‘मंग माह्यं आयकून ठेव. माह्या लग्नात माह्यं कपाय तूच भरशील.’’

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. ‘‘येडी हायेस का? तुह्या काकूनं करावं ते. कन्यादान ते दोघं करून राह्यले, कुंकूबी काकूच लावन.’’

‘‘कन्यादान करू दे. कपाय तू.’’

इथून आमची जी जुंपली ती फेब्रुवारीभर पुरली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, लेक नव्या जमान्याची आणि आई लोकांना भिणारी. तसं नव्हतं. लोकांचं मला काही नव्हतं. मुलाकडच्यांना लेकीनं आधीच विचारून टाकलं होतं, आणि तिची होणारी सासू म्हणाली होती, आम्हाले चालते, तुमचं तुमी पाहा. राहिली मोठी जाऊ, लेकीची काकू, ती म्हणजे देवाची गाय. तिला उभी राहा म्हटलं तर उभी, बाजूला हो म्हटलं तर बाजूला. अडवणारं कोणीच नव्हतं. अडवत होते मी.

माझी भीती सरळ होती. उद्या त्या पोराला काही झालं तर? खाणीतलं काम, मोठाल्या मशिनी. देव करो आणि न होवो, पण झालंच, तर मला जन्मभर एकच दिसेल: माझं बोट आणि माझ्या लेकीचं कपाळ. कोणी मला बोल लावला नाही तरी मी लावीन. हे मी लेकीला एकदा स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बाबाले कावीळ झाली ती कोणाच्या बोटानं झाली? तुह्या लग्नात तं सगळ्या सवाशिणीच होत्या न?

उत्तर नसलं म्हणजे भीती जाते असं नाही. मी तिला म्हटलं, माह्या डोक्याले ताप देऊ नको, आणि चहा ठेवायला गेले.

एकदा तिनं पिंडीवाली काढली. आठवीत ती स्वतः पिंडीवाली झाली होती, भाषणाला तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते भाषण मलाही पाठ आहे, इतक्या पोरींच्या तोंडून ऐकलंय. नवरा गेला, राणी सती जायला निघाली, सासऱ्यानं हात जोडून अडवलं, राणी मागे फिरली. मग राज्य चालवलं, देशभर घाट बांधले, देवळं बांधली. टाळ्या.

‘‘राणी देवाचं करत नव्हती का?’’ लेक म्हणाली. ‘‘तुह्यापरीस जास्त करे. पण सासरा म्हणे नको जाऊ, तं नाई गेली. देव काही रागावला का तिच्यावर?’’

‘‘ते मोठे लोक.’’

‘‘आणि भाषणात जे नाई सांगत ते ठाऊक हाये तुले?’’

मला ठाऊक नव्हतं. तिनं नंतर कधी वाचलं होतं. त्या राणीला एकच लेक उरली होती. म्हातारपणी जावई वारला आणि लेक सती जायला निघाली. राणीनं तिला नको नको म्हटलं, पाया पडली म्हणतात. अख्ख्या हिंदुस्थानात जिचा शब्द चालायचा, तिचा शब्द तिच्या पोटच्या पोरीनं ऐकला नाही. राणी नदीकाठी उभी राहून पाहत राहिली. आमच्या गॅदरिंगच्या भाषणात घाट असतात, देवळं असतात, ही लेक नसते. पोरांपुढे कसं सांगणार, तेही खरंच.

मग माझ्या तोंडून निघालं, ‘‘पाह्य. त्या पोरीनं मायचं आयकलं नाई. तू तरी आयक.’’

लेक माझ्याकडे पाहत राहिली. ‘‘आई, तू कोणाकडून बोलून राह्यली?’’ एवढंच म्हणाली आणि दुकानात निघून गेली.

कोणाकडून बोलते आहे, हे मला भांडी घासताना कळलं. तिथं लेक रीतीला धरून बसली होती आणि आई हात जोडत होती. इथं हात जोडत होती लेक. रीतीला धरून मी बसले होते. मी स्वतःला राणीच्या जागी समजत होते आणि उभी होते चितेच्या बाजूला. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीती होती ती तिथंच होती, तसूभर हलली नाही. राणीचं तरी काय झालं असेल? तिला सासऱ्यानं वळवलं तेव्हा तिच्या मनातली सगळी भीती गेली असेल का? तीही रोज पिंडीपुढे बसायची. काय बोलत असेल तिथं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

तरी मी कबूल झाले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊबाईला सांगून ठेवलं, कुंकवाचं ताट तुमच्याकडे. लेकीनं ते ऐकलं. तिनं बोलणं सोडून दिलं होतं, आणि ते मला भांडणापेक्षा जड जात होतं.

लग्न आर्णीतच, एका कार्यालयात. सकाळी नवरीच्या खोलीत मी तिला तयार करायला बसले. बाहेर बँड लागला होता, पाहुण्या बायका दारातून डोकावून जात होत्या. मी नेहमीसारखं काम केलं. शालू, केस, गजरा, दागिने, तोंड. माझा हात कामात असला की मला बाकी काही सुचत नाही, आणि त्या सकाळी मी देवाचे त्याबद्दल आभार मानले. मग सगळं झालं. उरलं ते कपाळ.

जाऊबाई ताट घेऊन दारातून आत आली. नवी पैठणी, हातभर चुडा, चेहरा घामानं डबडबलेला. ती लेकीपुढे उभी राहिली आणि तिनं अंगठा पिंजरीत बुडवला. मेण न लावता. लेकीनं हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. कोणाच्याही हाताखाली मिटावे तसे, अगदी गुमान. तिच्या पापण्यांवर मीच लावलेला रंग होता, आणि त्या पापण्या थरथरत होत्या. लहानपणी राणी करताना ती कधी थरथरली नव्हती.

‘‘जाऊबाई, थांबा,’’ मी म्हटलं. ‘‘तोंड अजून झालं नाई.’’

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. धंद्यातलं वाक्य आहे, रोज कोणाला तरी म्हणते. पण जाऊबाईचा अंगठा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि ताट माझ्यापुढे धरलं. म्हटलं न, देवाची गाय. नंतर मात्र ती मला म्हणाली, मले तं कवाचीच ठाऊक होतं, म्हून मी आंगठा हळूहळू नेला.

मी बोटानं मेण लावलं. त्यावर पिंजर दाबली, कडा नीट केल्या, खाली सांडलेले कण फुंकरीनं उडवले. लेकीनं डोळे उघडले. तिनं आरशात पाहिलंच नाही. माझ्या कमरेला मिठी मारली आणि पोटभर रडली, आणि मी तासभर खपून केलेले डोळे गालावर आले. मला पुन्हा सगळं करावं लागलं, मुहूर्ताला घाई झाली, भटजींनी दोनदा निरोप पाठवला. दारातल्या दोघी-तिघी पाहुण्या एकमेकींकडे पाहत होत्या. मुलाची आई आत आली, लेकीच्या कपाळाकडे पाहून म्हणाली, ‘‘गोल आलं बाई कुंकू,’’ आणि अक्षता वाटायला निघून गेली.

लग्नाला आता वर्ष व्हायला आलं. दुकान चालू आहे. अजून काही आया डबी घेऊन येतात. मी पूर्वीसारखी गुमान खुर्चीमागे उभी राहत नाही, सरळ सांगते, कपाळ माझं, नाहीतर पूर्ण राणी घरी करा. काही घरी करतात. बऱ्याच जणी डबी पर्समध्ये परत ठेवतात.

पण माझी भीती गेली असं मात्र कोणी समजू नये. वणीकडचे रस्ते म्हणजे कोळशाच्या ट्रकांचे, धुळीत समोरचं दिसत नाही, आणि जावई ड्युटीला मोटरसायकलनं जातो-येतो. सुरुवातीला मी संध्याकाळी लेकीला फोन लावायची. तुरीची डाळ शिजते का नीट, पाणी येते का, असं काहीतरी विचारायची आणि शेवटी हळूच, ‘‘आले का ते?’’ आले म्हटलं की मग देवापुढे दिवा लावायची. सोमवारच्या जोडीला मी गुरुवारही धरला. लेकीला सांगितलं नाही, ती चिडली असती.

मग एका संध्याकाळी फोन तिचा नाही, जावयाचा आला. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो. ‘‘मामी, पोचलो मी घरी,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘बरं.’’ त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. तो फारसा बोलणारा नाही. पोचलो म्हणतो, मी बरं म्हणते. मला वाटलं लेकीनं त्याला सांगितलं असेल. तिला विचारलं तर ती म्हणाली, मी तं काहीच नाई सांगतलं, मलेबी विचारू देत नाई.

परवा मी त्यालाच विचारलं. ‘‘तुमी थकून येता, रोज कायले फोन करता?’’

मागे लेक कुकरच्या शिट्या मोजत असल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, ‘‘माह्या नावाचं कुंकू तुमच्या हातचं हाये न मामी. मंग तुमालेच सांगा लागते.’’

मी त्याला जेवून घ्या म्हटलं आणि फोन ठेवला.